ऊर्णनाभाचे हृदय

संस्कृतात कोळ्याला ऊर्णनाभ म्हणतात. ज्याच्या नाभीत ऊर्णा, म्हणजे लोकर आहे, तो. मुंडकोपनिषदात अक्षरतत्त्वापासून विश्व कसे उद्भवते हे सांगताना कोळ्याचाच दृष्टांत आलेला आहे, आणि दृष्टांत व रूपक यांतील भेद शिकवताना आम्ही तो वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. मागे एकदा आमच्यापैकी एकाच्या तासाला 'सहृदय' ही संज्ञा चालू होती. अभिनवगुप्ताचा सहृदय रसिक, काव्याशी एकरूप होणारे त्याचे अंतःकरण, असे सगळे यथासांग सांगून झाल्यावर मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्या दिवशीच्या कोळ्याला हृदय असतं का?" वर्ग हसला. उत्तर कुणालाच ठाऊक नव्हते. मराठीच्या अध्यापकाला ते ठाऊक असण्याचे कारणही नाही. पण हसण्यावारी नेण्यासारखा तो प्रश्न नव्हता, हे मधल्या सुटीत प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांशी बोलताना लक्षात आले. कोळ्याला हृदय असते, आणि ते छातीत नव्हे तर पोटात, पाठीच्या बाजूला असते. आपल्या पूर्वसूरींनी त्याच्या उदरातून निघणारा धागा पाहिला आणि त्यावरून त्याचे नाव ठेवले. त्याच उदरात, धाग्याच्या ग्रंथींच्या वरच्या अंगाला, एक नळी अखंड आकुंचन-प्रसरण पावत असते, हे त्यांना दिसले नाही. दिसणार तरी कसे? प्रस्तुत लेख त्या 'कसे'बद्दल आहे. कोळ्याला न फाडता, न टोचता त्याच्या हृदयाचे ठोके मोजता येतात का, हा प्रश्न शरीरशास्त्राला कधी व का पडला, याचा हा इतिहास आहे.

आधी त्या हृदयाविषयी थोडेसे. आपल्या हृदयासारखे कप्पे त्याला नाहीत. ती एक लांबट स्नायुमय नळी असते, तिच्या कडांना जोडीजोडीने छिद्रे असतात. नळी सैलावली की भोवतालच्या पिशवीतले रक्त छिद्रांतून आत येते, आवळली की पुढे व मागे ढकलले जाते. रक्तवाहिन्यांचे जाळे आपल्यासारखे बंदिस्त नसते. रक्त शेवटी अवयवांच्या मोकळ्या जागांतून वाहते आणि पुस्तकाच्या पानांसारख्या पापुद्र्यांच्या फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन पुन्हा हृदयाकडे येते. (या फुप्फुसांना शास्त्रात खरोखरच पुस्तकाचे नाव दिलेले आहे. आमच्या व्यवसायाला एवढाच दिलासा.) रक्तात लोहाऐवजी तांबे असलेले द्रव्य असते, त्यामुळे ते लाल नसून प्राणवायू मिळाला की निळसर दिसते. पुष्कळ कोळ्यांच्या पाठीवर, उदराच्या मध्यभागी, भाल्याच्या पात्यासारखा एक पट्टा दिसतो. तो बरोबर हृदयाच्या वर असतो आणि अभ्यासक त्याला हृदयचिन्हच म्हणतात. हृदय कुठे आहे हे ज्याच्या अंगावर बाहेरूनच लिहिलेले आहे असा हा प्राणी. अडचण आहे ती पुढचे वाचण्याची.

हृदय पाहण्याच्या इतिहासात दोन वाटा प्रारंभापासून शेजारी शेजारी चालत आल्या आहेत, आणि त्या दोन्ही एकाच ग्रंथात आढळतात, ही आम्हाला या विषयातील सर्वांत लक्षणीय गोष्ट वाटते. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली लॅटिनमध्ये प्रसिद्ध केलेला हृदयगतीवरील ग्रंथ म्हणजे रक्ताभिसरणाच्या आधुनिक कल्पनेचे मूळ. हृदयाची गती इतकी चपळ आहे की ती केवळ ईश्वरालाच आकळत असावी असे आपल्याला एकेकाळी वाटू लागले होते, अशी कबुली हार्वे देतो. मग त्याने काय केले? त्याने जिवंत प्राणी उघडले. बेडूक, साप, लहान मासे यांची हृदये सावकाश चालतात म्हणून ते. कुत्रा किंवा डुक्कर असेल तर तो मरणाच्या दारी येईपर्यंत थांबायचे, कारण मरू घातलेले हृदय मंदावते आणि मंदावलेले हृदय नीट पाहता येते. हे वाक्य त्याच्या ग्रंथात अगदी शांतपणे येते. ज्ञान हवे तर प्राण जाण्याची वाट पाहावी लागते, हा त्या शतकाचा सहज स्वीकारलेला नियम होता.

पण त्याच ग्रंथात, थोडे पुढे, टेम्स नदीत आणि समुद्रात सापडणाऱ्या एका लहान कोळंबीचा उल्लेख येतो. तिचे सर्वांग पारदर्शक असते. तिला पाण्यात ठेवून हार्वेने स्वतः तिचे हृदय चालताना पाहिले, मित्रांना दाखवले, आणि त्या वेळी त्याला आठवली ती खिडकीची उपमा. गांधीलमाशी व साधी माशी यांच्या पोटाच्या वरच्या भागातही भिंगाने हे स्पंदन आपण पाहिल्याचे तो नोंदवतो. म्हणजे सुरी आणि खिडकी या दोन्ही पद्धती एकाच माणसाच्या हाती होत्या. खिडकी ज्याच्या अंगी निसर्गानेच बसवली आहे तो प्राणी वाचला. बाकीचे टेबलावर गेले. यात हार्वेची क्रूरता शोधणे आम्हाला अप्रस्तुत वाटते. त्याच्यापाशी दुसरे साधन नव्हते.

साधन यायला दोन शतके लागली, आणि आले ते माणसासाठी. १८४७ साली जर्मनीत कार्ल लुडविग याने फिरत्या नळकांड्यावर रक्तदाबाची रेषा आपोआप उमटवणारे यंत्र केले. पण त्याची नळी प्राण्याच्या धमनीत घालावी लागे. १८६० साली फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे याने मनगटावर बाहेरून बांधायचे नाडीलेखक यंत्र तयार केले. त्वचा न भेदता नाडीची लिपी कागदावर उतरू लागली. त्यानंतर १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर याने माणसाच्या हृदयाची विद्युत्-रेषा प्रथमच बाहेरून टिपली. या वॉलरजवळ जिमी नावाचा एक बुलडॉग होता. मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय बुडवून तो निमूटपणे उभा राही आणि यंत्रावर त्याच्या हृदयाची नोंद होई. १९०९ साली रॉयल सोसायटीत हा प्रयोग दाखवला गेला, तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला की, या कुत्र्याचा छळ झाला नाही काय? त्याच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचा पट्टा होता म्हणे. गृहमंत्र्यांना उत्तर द्यावे लागले की पाण्यात होते ते साधे मीठ, आणि सन्माननीय सदस्यांनी कधी समुद्रात पाय भिजवले असतील तर त्यांना त्याची कल्पना येईल.

हा प्रसंग विनोदी आहेच, पण तो घडू शकला यामागे एक कायदा होता. प्राण्यांवरील प्रयोगांना वेसण घालणारा ब्रिटिश कायदा १८७६ साली झाला, आणि त्यातच हे स्पष्ट केलेले होते की अपृष्ठवंशीय प्राण्यांना तो लागू नाही. कुत्र्याच्या ओल्या पायांसाठी पार्लमेंटात प्रश्न येऊ शकत होता. कोळ्याला कोणी कसेही उघडले तरी त्याचा जाब विचारायला जागाच नव्हती. तेव्हा कोळ्याच्या हृदयापर्यंत न टोचता पोहोचण्याची धडपड कायद्याच्या धाकाने झाली असे म्हणता येत नाही. दयेने झाली असेही त्या शोधनिबंधांच्या कोरड्या भाषेवरून दिसत नाही. मग ती का झाली?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळ्याच्या हृदयाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले तेव्हा हाताशी होते ते विद्युदग्र, म्हणजे धातूची बारीक तार. कोळ्याचे कवच कोरडे व मेणचट असते; जिमीप्रमाणे पाय पाण्यात बुडवून भागत नाही. कवचाला सूक्ष्म छिद्र पाडून तार आत सरकवावी लागते. १९६७ साली विल्सन यांचा हेटेरोपोडा व्हेनाटोरिया या कोळ्याच्या हृदयस्पंदनावरील निबंध आला. हे लांबलचक नाव वाचून बिचकण्याचे कारण नाही. पावसाळ्यात आपल्या न्हाणीघराच्या भिंतीवर तळहाताएवढा पसरलेला जो चपटा, तपकिरी कोळी दिसतो आणि ज्याला पाहून घरात आरडाओरडा होतो, तोच हा. उष्ण प्रदेशांत तो सर्वत्र आढळतो. पुढच्याच वर्षी, १९६८ साली, शर्मन आणि पॅक्स यांनी अमेरिकेतील बिळात राहणाऱ्या एका लांडगा-कोळ्याच्या हृदयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कामांमुळे कोळ्याच्या हृदयाचे व्याकरण प्रथम कळले असे म्हणता येईल.

मात्र कोळ्याच्या बाबतीत टोचण्याला एक विशेष अर्थ आहे, आणि आमच्या मते या सगळ्या कथेचे मर्म तिथे आहे. कोळ्याच्या पायांतील दोन महत्त्वाच्या सांध्यांना पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. पाय वाकवायला स्नायू आहेत; उघडायला आहे तो रक्ताचा दाब. १९५९ साली पॅरी आणि ब्राउन यांनी घरगुती कोळ्यांवर हा दाब मोजला. विश्रांतीत तो सुमारे ५ सेंटीमीटर पारा, तर एखाद्या क्षणिक उसळीत ४० सेंटीमीटरपर्यंत. आपला रक्तदाब वैद्य १२० मिलिमीटर, म्हणजे १२ सेंटीमीटर सांगतात, हे ध्यानात घेतले की या आकड्याचे नवल कळते. ही उसळी हृदय निर्माण करत नाही, ती शरीराच्या पुढच्या भागातील स्नायूंची करामत आहे. कोळी जोराने धावू लागला की पुढचा दाब इतका चढतो की पोटातल्या हृदयाला पुढे रक्त पाठवणेच कठीण होते. कोळी झपाट्याने धावतो आणि लवकर थकतो त्यामागचे हे एक कारण. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी आवळलेले का असतात, याचेही उत्तर यातच आहे. दाब गेला, पाय मिटले.

अशा प्राण्याला भोक पाडणे म्हणजे काय, याचा विचार करावा. माणसाला सुई टोचली तर थेंबभर रक्त येते आणि रक्तदाब होता तसा राहतो. कोळ्याच्या कवचाला छिद्र पडले की रक्त बाहेर झिरपते, ज्या दाबावर त्याचे चालणेबोलणे (बोलणे नाही, पण आमची सवय) अवलंबून असते तोच उतरतो. तार जागी राहावी म्हणून त्याला बांधावे लागते. बांधलेला कोळी धडपडतो, धडपडला की ठोके वाढतात आणि ते खाली यायला वेळ लागतो. निश्चल करण्यासाठी कार्बन डायॉक्साइड द्यावा तर तो वायूही हृदयावर परिणाम करतो. म्हणजे कागदावर जी रेषा उमटते ती कोळ्याच्या हृदयाची खरी, पण कोणत्या कोळ्याच्या? जखमी, बांधलेल्या, भेदरलेल्या कोळ्याच्या. स्वस्थ बसलेल्या कोळ्याचे हृदय कसे चालते हा प्रश्न अनुत्तरितच राहतो, कारण विचारण्याच्या रीतीनेच उत्तर बदललेले असते.

इजा न करण्याची गरज शास्त्राला अशी अचूकतेच्या दारातून जाणवली. काहींना हे वाचून निराशा वाटेल. आम्हाला तसे वाटले नाही. करुणेपोटी केलेली गोष्ट करुणा आटली की थांबते. इथे मात्र प्राण्याला दुखवले तर आकडाच खोटा ठरतो, आणि खोटा आकडा कोणत्याही शास्त्रज्ञाला नको असतो.

१९७६ साली 'सायन्स' या नियतकालिकात मिसूरी विद्यापीठातील जेम्स कॅरेल आणि हीथकोट यांचा अवघ्या तीन पानांचा निबंध आला. त्यांनी तार टाकून दिली आणि लेसरचा प्रकाश घेतला. तत्त्व ऐकायला सोपे आहे. कोळ्याचे पोट पुरते अपारदर्शक नसते. तीव्र प्रकाशाची बारीक शलाका त्यातून काही अंशी पार जाते. हृदयाची नळी फुगली, आवळली की पार जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण किंचित कमी-अधिक होते. पलीकडे प्रकाश टिपणारे साधन ठेवले की ते कमी-अधिक होणे म्हणजेच ठोका. हा लेसर 'थंड' असणे आवश्यक होते, कारण कोळ्याच्या शरीराचे तापमान भोवतालावर अवलंबून असते आणि अंग तापले की हृदयही वेगाने चालते. साध्या दिव्याच्या प्रखर उजेडाने तोच घोटाळा झाला असता जो तारेने होत होता. हार्वेच्या कोळंबीला निसर्गाने दिलेली खिडकी इथे प्रकाशाने तयार केली, आणि तीही भिंत न फोडता.

त्या खिडकीतून जे दिसले ते नुसत्या आकड्यांहून मोठे होते. विश्रांत कोळ्यांचे ठोके जातीजातींत मिनिटाला दहाच्या आतपासून सव्वाशेपर्यंत निघाले. शरीर मोठे तर ठोके कमी, हा प्राणिसृष्टीतला सर्वपरिचित नियम होताच. पण आकार जमेस धरूनही फरक उरत होता, आणि तो अन्न मिळवण्याच्या रीतीशी जोडलेला दिसला. भक्ष्यासाठी कमीत कमी शक्ती खर्चणारे, वाट पाहत बसणारे कोळी. त्यांचे हृदय संथ. शोधत फिरणारे, झेप घेणारे, त्यांचे द्रुत. विश्रांतीतील ठोके हे त्या प्राण्याच्या एकंदर ऊर्जाव्ययाचे माप म्हणून वापरता येतील असे लेखकांनी मांडले. जॉन अँडरसन यांनी १९७० सालीच दाखवून दिले होते की कोळ्यांचा विश्रांतीतील ऊर्जाव्यय त्यांच्या आकाराच्या मानाने अपेक्षेपेक्षा बराच कमी असतो. त्या काटकसरीचा ताल आता ऐकू येऊ लागला. वाट पाहणे ही ज्याची उपजीविका आहे त्याचे हृदयही वाट पाहण्याच्या लयीत चालते, हे सत्य बांधलेल्या व टोचलेल्या कोळ्याकडून कधीच कळले नसते, कारण तो वाट पाहत नव्हता. तो सुटू पाहत होता.

इथे एक आक्षेप आम्हीच घेतो. बाहेरून पाहून सगळेच कळते काय? नाही. कोळ्याचे हृदय आपल्या हृदयासारखे स्वयंभू धडधडत नाही. त्याच्या पाठीवरून जाणाऱ्या चेतापेशींच्या एका गुच्छाच्या आज्ञेने ते आवळते. ही गोष्ट प्रथम कळली ती कोळ्याच्या दूरच्या आप्ताकडून, समुद्रातील नालखेकड्याकडून. १९०४ साली अमेरिकेत कार्लसन याने त्याचे हृदय उघडे करून, तो चेतागुच्छ वेगळा काढून, ठोके थांबतात हे दाखवले. कोळ्याच्या हृदयाबाबतही हे कळले ते शर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या विच्छेदनातून आणि तारांतून. लेसरची शलाका ठोका मोजते. तो कोणाच्या आज्ञेने पडतो हे ती सांगू शकत नाही. आम्ही कवितेच्या 'विच्छेदना'विरुद्ध वर्गात पुष्कळ बोलतो आणि मग परीक्षेच्या आधी दोन तास घेऊन तेच करतो, तेव्हा या बाबतीत फार सोवळेपणा मिरवण्याचा अधिकार आम्हाला नाही. सुरीने मिळालेले ज्ञान खोटे नव्हते. ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर होते, आणि पुष्कळ काळ ते सगळ्याच प्रश्नांचे उत्तर म्हणून चालवले गेले, एवढेच.

यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगता येते. १९८७ साली कोळ्यांच्या पर्यावरणीय शरीरशास्त्रावरील एका संपादित ग्रंथात कॅरेल यांनीच हृदयगतीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. १९९४ साली जर्मनीतील रूडिगर पाउल व सहकाऱ्यांनी एक टॅरंटुला आणि घराच्या कोपऱ्यात लोंबकळणारा लांब, काटकुळ्या पायांचा एक कोळी असे दोन टोकाचे प्राणी घेऊन रक्ताभिसरणाचा विस्तृत आढावा घेतला. त्यातला दुसरा इतका फिकट व अर्धपारदर्शक असतो की हार्वेची कोळंबी आठवावी. २००० साली कोएल्यो आणि अमाया यांनी अमेरिकेतील एका टॅरंटुलाच्या हृदयगतीवर निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच इजा न करणारे तंत्र असा उल्लेख आहे. पूर्वी जी गोष्ट पद्धतीच्या परिच्छेदात दडलेली असे ती आता मथळ्यात आली. आणि २०२२ साली डॅनिएला रेसलर यांच्या गटाने उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या पिल्लांचे रात्रभर चित्रण केले. जन्मानंतर थोडेच दिवस पिल्लांचे कवच पारदर्शक असते, त्यामुळे डोळ्यांच्या आतील नलिका हलताना बाहेरून दिसतात. झोपेत त्या ठराविक काळाने हलत होत्या, पायही आचके देत होते. माणूस स्वप्न पाहताना डोळे जसे फिरवतो तशा अवस्थेशी या साऱ्याचे साम्य त्यांनी नोंदवले. कोळी स्वप्न पाहतो असे त्यांनी म्हटलेले नाही. वर्तमानपत्रांनी म्हटले.

कायद्याचे काय झाले, हेही सांगायला हवे. ब्रिटनमध्ये १८७६ च्या कायद्याची जागा १९८६ साली नव्याने घेतली; १९९३ साली त्याच्या कक्षेत एक ऑक्टोपस आला, २०१३ पासून त्याची सारी गोत्रावळ आली. २०२२ च्या संवेदनक्षमतेच्या कायद्यात खेकडे व शेवंड यांना स्थान मिळाले. कोळी अजून बाहेरच आहे. आपल्याकडे १९६० साली झालेल्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे मनुष्येतर कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. म्हणजे शब्दार्थ घेतला तर न्हाणीघरातला तो कोळीही तिच्यात बसतो, मग व्यवहारात त्याच्या वाट्याला केरसुणी का येईना. अर्थात त्याच कायद्याच्या चौदाव्या कलमात ज्ञानवृद्धीसाठी केलेल्या प्रयोगांना मुभा दिलेली आहे, हेही विसरून चालणार नाही.

हा लेख लिहून होत आला असताना आमच्या विभागाच्या जिन्यात, नोटिसांच्या फलकाच्या वर, हेटेरोपोडा महाशय येऊन बसले होते. कुणीतरी भिंग आणले, कुणी भ्रमणध्वनीचा दिवा लावला. तो प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी सर्वांत पुढे होती. पाठीवरचे चिन्ह शोधता शोधता दिवा फार जवळ गेला आणि कोळी फलकामागे नाहीसा झाला. तिने दिवा बंद करायला सांगितले. आम्ही पाच-सात मिनिटे अंधारात उभे राहिलो. तो बाहेर आला नाही, आणि पुढच्या तासाची घंटा झाली.